कनेक्शन फॅक्टरी जेएनडीआयमध्ये कशी नोंदवावी: हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आंब्याच्या हंगामात देवगडच्या पॅकिंग शेडमध्ये किती पेट्या भरल्या, त्या कुठल्या गाडीतून वाशीच्या बाजाराकडे निघाल्या आणि त्यांचे चलन तयार झाले की नाही, हे रत्नागिरीच्या कार्यालयात बसून कळावे यासाठी आम्ही एक प्रणाली बांधली. शेडमधला संगणक प्रत्येक पेटीमागे एक संदेश पाठवतो, कार्यालयातला सर्व्हर तो रांगेतून उचलतो आणि डेटाबेसमध्ये नोंद करतो, काम एवढेच. तरीही पहिल्या वर्षी माझे जवळजवळ तीन आठवडे 'हे नाव सापडत नाही' या एकाच तक्रारीमागे धावण्यात गेले. कोड बरोबर होता, डेटाबेस चालू होता, संदेशांची रांगही जागेवर होती; नाव मात्र कुणीतरी एकीकडे नोंदवत होते आणि मी दुसरीकडे शोधत होतो.

तेव्हापासून मी या कामात तीन प्रश्न कागदावर लिहूनच सुरुवात करतो: हे नाव कोण नोंदवणार आहे, ते नेमिंग सेवेच्या (नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या सर्व्हरमधल्या यादीच्या) कुठल्या भागात नोंदले जाणार आहे आणि त्याला हाक कुठून मारली जाणार आहे. पुढचे सगळे टप्पे या तीन प्रश्नांभोवती फिरतात. या लेखात नावे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काटेकोरपणे सांभाळून लिहायची असतात, कारण 'आंबा' हे नाव एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षराने लिहिले की सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे होतात.

१. आधी हे समजून घ्या की नोंद कशाची होते

डेटाबेसशी किंवा संदेश सांभाळणाऱ्या ब्रोकरशी जोडणी उघडणे हे वेळखाऊ काम आहे: पत्ता शोधायचा, वापरकर्ता आणि पासवर्ड तपासायचा, दोन्ही बाजूंनी स्मृती राखून ठेवायची. म्हणून प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी स्वतः जोडणी उघडण्याऐवजी ती देणाऱ्या एका वस्तूकडे मागायची असते, आणि त्या वस्तूला कनेक्शन फॅक्टरी म्हणतात. संदेशांसाठी जेएमएसची, म्हणजे संदेश पाठवण्या-घेण्याच्या जावातल्या ठरलेल्या रीतीची, कनेक्शनफॅक्टरी असते. डेटाबेससाठी तेच काम डेटासोर्स करतो, नाव वेगळे असले तरी जात तीच. ही फॅक्टरी प्रोग्रॅमला सापडावी म्हणून ती एका नावाखाली नेमिंग सेवेत ठेवली जाते, आणि त्या सेवेशी बोलण्याची जावातली रीत म्हणजे जेएनडीआय. २००० साली आलेल्या जावाच्या १.३ आवृत्तीपासून जेएनडीआय मूळ जावातच आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळी जार फाइल आणावी लागत नाही.

याचा फायदा असा, की पत्ता, पासवर्ड आणि पूलचा (उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याचा) आकार या गोष्टी कोडमधून बाहेर निघतात. चाचणीच्या सर्व्हरवर जी वॉर फाइल (बांधून तयार केलेला वेब प्रोग्रॅम) चालली तीच एका अक्षराचाही बदल न करता प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर चालते. दोन्हीकडे नाव तेच राहते, त्या नावामागची फॅक्टरी बदलते.

नवख्यांचा इथे एक गैरसमज होतो, आणि माझाही झाला होता. नेमिंग सेवेत उघडलेली जोडणी ठेवलेली नसते, आणि बहुतेक वेळा फॅक्टरीची जिवंत वस्तूही जशीच्या तशी ठेवलेली नसते. तिथे असते ती रेफरन्स नावाची एक चिठ्ठी: कुठला क्लास बनवायचा, तो कुठल्या ऑब्जेक्टफॅक्टरीने बनवायचा आणि त्याला कुठले पत्ते द्यायचे. तुम्ही लुकअप करता, म्हणजे नावाने हाक मारता, तेव्हा ती चिठ्ठी वाचून वस्तू तयार होते. म्हणूनच चिठ्ठीतला डेटाबेसचा पत्ता साफ चुकीचा असला तरी लुकअप बिनतक्रार यशस्वी होतो आणि रडगाणे सुरू होते ते पहिली जोडणी मागितल्यावर. लुकअप झाला म्हणजे काम झाले असे कधीही धरू नका.

२. सुरुवातीला हाताशी काय हवे

– सर्व्हरचे नाव आणि नेमकी आवृत्ती. टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या ९ आणि १० या आवृत्त्यांत नुसता आकड्याचा फरक नाही. का, ते पुढे येईल.
– सर्व्हर सुरू होताना कुठली संरचना फाइल वाचतो त्याची खात्री. ऐकीव माहितीवर जाऊ नका. सुरू करण्याची आज्ञा स्वतः उघडून पाहा.
– डेटाबेसच्या ड्रायव्हरची जार फाइल, डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळणारी.
– डेटाबेस आणि ब्रोकर यांचे पत्ते, पोर्ट, वापरकर्ते आणि पासवर्ड. हा वापरकर्ता प्रशासकाचा नसावा.
– मधल्या राउटरवर आणि फायरवॉलवर कुठले पोर्ट उघडे आहेत याची यादी, आणि ती उघडणाऱ्या माणसाचा फोन नंबर.
– नावांचा तक्ता: फॅक्टरी, नोंदलेले पूर्ण नाव, कोडमधले नाव, वापरणारा प्रोग्रॅम. आमचा तक्ता एका साध्या वहीत आहे आणि लाइट गेली तरी तो वाचता येतो.

३. नाव ठरवा, आणि ते कुठल्या वाडीत राहील तेही ठरवा

आमच्याकडच्या गावात एकाच आडनावाची वीस-पंचवीस घरे असतात, म्हणून पोस्टमन नुसत्या आडनावावर पत्र पोहोचवत नाही. वरची वाडी की खालची वाडी, हे त्याला आधी लागते. जेएनडीआयमधल्या नावांचेही तसेच आहे. 'जेएमएस/पेटी' हे नुसते नाव अर्धवट आहे. ते कुठल्या भागातले, हे सांगणारा उपसर्ग जोडल्यावरच पत्ता पूर्ण होतो.

२००९ सालच्या जावा ईई ६ पासून असे चार भाग ठरलेले आहेत. 'जावा:कॉम्प' हा एकेका घटकाचा खासगी भाग. वेब प्रोग्रॅममध्ये मात्र सगळी वॉर मिळून एकच 'कॉम्प' वापरते. 'जावा:मॉड्यूल' हा त्या मॉड्यूलपुरता, 'जावा:ॲप' हा एका पूर्ण ईएआरपुरता (अनेक मॉड्यूल एकत्र बांधलेल्या प्रोग्रॅमपुरता) आणि 'जावा:ग्लोबल' हा सर्व्हरवरच्या सगळ्या प्रोग्रॅमना दिसणारा. याखेरीज प्रत्येक सर्व्हरचे स्वतःचे उपसर्ग असतात. वाइल्डफ्लाय या सर्व्हरमध्ये डेटासोर्सचे नाव 'जावा:/' किंवा 'जावा:जेबॉस/' यांपैकी एकाने सुरू व्हावेच लागते.

प्रथा अशी आहे की डेटाबेसची नावे 'जेडीबीसी/' खाली आणि संदेशांची नावे 'जेएमएस/' खाली ठेवावीत. ही सक्ती नाही, पण पाळा. माझ्या मते याहून महत्त्वाचे म्हणजे नावात सर्व्हरचा पत्ता, गावाचे नाव किंवा 'टेस्ट', 'लाइव्ह' असले शब्द घालू नयेत. आम्ही पहिल्या वर्षी एका फॅक्टरीच्या नावात 'देवगड' घातले. पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्यात शेड सुरू झाली आणि तिचेही संदेश 'देवगड' नावाच्या फॅक्टरीतून जाऊ लागले. ते नाव आजही तसेच आहे आणि नव्या माणसाला दर वेळी समजावून सांगावे लागते.

४. टॉमकॅटमध्ये डेटासोर्स नोंदवणे

टॉमकॅटमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाव सर्व्हर नोंदवतो, तुमचा प्रोग्रॅम नोंदवत नाही. पुस्तकातला बाइंडचा (नाव नोंदवण्याच्या आज्ञेचा) नमुना पाहून मी सर्व्हलेटमधून स्वतः बाइंड करायला गेलो, तेव्हा 'कॉन्टेक्स्ट इज रीड ओन्ली' असा संदेश आला आणि तो मी बराच वेळ सर्व्हरचा दोष समजत राहिलो. तो दोष नाही. प्रोग्रॅमला तिथे फक्त वाचण्याची मुभा आहे.

पहिली पायरी: ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या मुख्य लिब फोल्डरमध्ये ठेवा. पूल सर्व्हर तयार करतो, त्यामुळे ड्रायव्हर सर्व्हरला दिसला पाहिजे. तो फक्त वॉरच्या आतल्या लिबमध्ये असेल तर सर्व्हरला सापडण्याची खात्री नसते. दोन्हीकडे दोन प्रती ठेवून दोन्ही दगडांवर पाय देऊ नका, त्यातून निघणाऱ्या चुका शोधायला फार त्रासदायक असतात.

दुसरी पायरी: प्रोग्रॅमच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये रिसोर्स हा घटक लिहा. त्यात नाव 'जेडीबीसी/आंबा', प्रकार 'जावाएक्स.एसक्यूएल.डेटासोर्स', ऑथ 'कंटेनर', ड्रायव्हरचा क्लास, डेटाबेसचा यूआरएल, वापरकर्ता आणि पासवर्ड येतात. इथे 'जावा:कॉम्प/एन्व्ह/' हा उपसर्ग लिहायचा नसतो, तो सर्व्हर स्वतः लावतो. कोडमध्ये शोधताना मात्र पूर्ण नाव द्यावे लागते. या एका विसंगतीने जितक्या लोकांना चकवले आहे तितके दुसऱ्या कशानेही चकवले नसेल.

तिसरी पायरी: वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ लिहून हेच नाव जाहीर करा. टॉमकॅटचे त्यावाचून बहुधा अडत नाही, पण उद्या हाच प्रोग्रॅम दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचा झाला तर तोच उपयोगी पडतो. मात्र रिसोर्स-रेफमधले नाव आणि रिसोर्समधले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तर लुकअप यशस्वी होऊन एक पोकळ डेटासोर्स हाती येतो, आणि जोडणी मागताच ड्रायव्हरचा क्लास रिकामा व यूआरएल 'नल' असल्याचा संदेश मिळतो. तो संदेश दिसला की ड्रायव्हर तपासत बसू नका, आधी नावे जुळवा.

एकच डेटासोर्स अनेक प्रोग्रॅमना हवा असेल तर तो सर्व्हर.एक्सएमएलमधल्या ग्लोबलनेमिंगरिसोर्सेसमध्ये लिहून प्रत्येक प्रोग्रॅमच्या कॉन्टेक्स्टमध्ये रिसोर्सलिंक द्यावा. नुसती जागतिक नोंद केली आणि लिंक दिली नाही, तर प्रोग्रॅमला ती दिसत नाही.

आता पूलच्या आकड्यांविषयी, कारण हंगामात खरी परीक्षा त्यांचीच होते. टॉमकॅट ८ पासूनच्या नेहमीच्या पूलमध्ये मॅक्सटोटल सांगितले नाही तर एका वेळी ८ जोडण्या मिळतात, आणि मॅक्सवेटमिलिस सांगितले नाही तर नववा मागणारा अनिश्चित काळ ताटकळत उभा राहतो. ना चूक येते, ना लॉगमध्ये काही उमटते, पडदा फक्त गोठतो. म्हणून दोन्ही आकडे स्वतः लिहा. मी दहा सेकंदांची, म्हणजे १०००० मिलिसेकंदांची मर्यादा घालतो. जुन्या लेखांमध्ये हेच गुणधर्म मॅक्सॲक्टिव्ह आणि मॅक्सवेट या नावांनी सापडतील. ती नावे नव्या पूलमध्ये चालत नाहीत, लॉगमध्ये एखादी सूचना येते आणि तुमचा आकडा बाजूला पडतो. घोळ वाढवायला टॉमकॅटचा स्वतःचा आणखी एक पूल आहे आणि त्यात हीच जुनी नावे आजही चालतात. तेव्हा आपण कुठला पूल वापरतो हे ठरवूनच उदाहरणे उतरवून घ्या.

दुसरी अडचण सकाळची. मायएसक्यूएल न वापरलेली जोडणी मूळ संरचनेत २८८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, स्वतः बंद करतो. संध्याकाळी सातला कार्यालय बंद झाले आणि सकाळी नऊला उघडले की पूलमध्ये पडलेल्या सगळ्या जोडण्या मेलेल्या असतात, पूलला मात्र त्या जिवंत वाटतात, आणि दिवसाचे पहिले काही व्यवहार फसतात. उपाय असा की जोडणी देण्याआधी ती तपासावी, म्हणजे टेस्टऑनबॉरो चालू असल्याची खात्री करावी आणि व्हॅलिडेशनक्वेरीत 'सिलेक्ट १' लिहावे. फक्त सकाळीच पहिल्या एक-दोन जणांना चूक येते आणि नंतर सगळे सुरळीत चालते, अशी तक्रार आली की ९० टक्के निदान इथेच संपते, असे मी अनुभवाने म्हणतो.

५. वाइल्डफ्लायमध्ये जेएमएसची फॅक्टरी नोंदवणे

संदेशांसाठी आम्ही वाइल्डफ्लाय वापरतो आणि त्यातला ब्रोकर ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिस आहे. पहिला सापळा सर्व्हर सुरू करतानाच असतो: नेहमीच्या स्टँडअलोन.एक्सएमएलमध्ये संदेशांचा विभागच नसतो. स्टँडअलोन-फुल.एक्सएमएल ही फाइल सांगून सर्व्हर सुरू करावा लागतो, नाहीतर तुम्ही कितीही काळजीपूर्वक फॅक्टरी नोंदवायला गेलात तरी असा विभाग नाही हेच उत्तर मिळेल.

या फाइलमध्ये तीन फॅक्टऱ्या तयार असतात आणि त्यांचा फरक समजला की अर्धे काम झाले. पहिली 'जावा:/कनेक्शनफॅक्टरी', जी इन-व्हीएम कनेक्टर वापरते, म्हणजे त्याच सर्व्हरच्या पोटातून बोलते. दुसरी 'जावा:/जेएमएसएक्सए', जी पूल केलेली आहे आणि डेटाबेसच्या व्यवहारासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भाग घेऊ शकते (यालाच एक्सए म्हणतात). तिसरी 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड/जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी', जी बाहेरच्या क्लायंटसाठी आहे. सर्व्हरच्या आतल्या कोडने दुसरी घ्यावी आणि बाहेरच्याने तिसरी, हा साधा नियम. आमच्या प्रणालीत पेटीचा संदेश रांगेतून काढणे आणि डेटाबेसमध्ये नोंद करणे ही दोन कामे एकत्र यशस्वी किंवा एकत्र अयशस्वी व्हावीच लागतात, नाहीतर संदेश गेला आणि पेटीची नोंद नाही, असा हिशेब राहतो. म्हणून आत पूल केलेली एक्सए फॅक्टरीच हवी.

स्वतःची फॅक्टरी नोंदवण्यासाठी फाइल हाताने बदलण्यापेक्षा जेबॉस-सीएलआय, म्हणजे वाइल्डफ्लायला आज्ञा देण्याचे साधन, वापरा. त्यात मेसेजिंग-ॲक्टिव्हएमक्यू या सबसिस्टममधल्या 'डिफॉल्ट' सर्व्हरखाली नवी पूल्ड-कनेक्शन-फॅक्टरी ॲड करायची आणि तिला एंट्रीज, कनेक्टर्स व ट्रान्झॅक्शन हे तीन गुणधर्म द्यायचे: एंट्रीजमध्ये 'जावा:/जेएमएस/पेटी', कनेक्टर्समध्ये 'इन-व्हीएम' आणि ट्रान्झॅक्शनमध्ये 'एक्सए'. एंट्रीज ही यादी आहे, त्यामुळे एकाच फॅक्टरीला दोन नावे देता येतात आणि जुने नाव हळूहळू निवृत्त करताना ही सोय फार कामाची ठरते.

सीएलआयच का, याचे कारण मी एका जून महिन्यात शिकलो. सर्व्हर चालू असताना मी फाइल हाताने बदलली, दुपारी सहकाऱ्याने कन्सोलमधून दुसरेच काहीतरी बदलले आणि त्या क्षणी सर्व्हरने स्मृतीत असलेली संरचना फाइलवर लिहून माझा बदल पुसून टाकला. संध्याकाळी पहिल्या जोराच्या पावसात लाइट गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि नवी फॅक्टरी गायब. फाइल बदलायचीच असेल तर सर्व्हर थांबवून बदला.

नोंद झाली की ती डोळ्यांनी पाहा. सीएलआयमध्ये नेमिंग सबसिस्टमवर जेएनडीआय-व्ह्यू ही क्रिया चालवली की नावांचे संपूर्ण झाड समोर येते. कोडमध्ये काहीही लिहिण्याआधी हे झाड पाहणे आणि नाव तिथूनच उचलून चिकटवणे, ही सवय लावून घ्या.

६. बाहेरच्या गावातून येणारा क्लायंट

शेडमधला संगणक सर्व्हरच्या बाहेर आहे, म्हणून त्याला इनिशियलकॉन्टेक्स्ट बनवताना नेमिंग सेवेचा पत्ता सांगावा लागतो. त्यासाठी मुख्यतः दोन गुणधर्म लागतात: 'जावा.नेमिंग.फॅक्टरी.इनिशियल', ज्यात वाइल्डफ्लायच्या नेमिंग क्लायंटचा क्लास येतो, आणि 'जावा.नेमिंग.प्रोव्हायडर.यूआरएल', ज्यात सर्व्हरचा पत्ता व ८०८० हे पोर्ट येते. हे 'जेएनडीआय.प्रॉपर्टीज' फाइलमध्ये ठेवता येतात, पण ती फाइल फक्त बाहेरच्या क्लायंटमध्ये ठेवा. सर्व्हरवर चालणाऱ्या वॉरमध्ये ती चुकून गेली तर आतले लुकअपही भलत्या पत्त्यावर जाऊ लागतात. आत कंसात काहीही न देता बनवलेला इनिशियलकॉन्टेक्स्ट पुरतो.

बाहेरून फक्त 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड' या भागातली नावे दिसतात, आणि शोधताना तो उपसर्ग गाळायचा असतो: नोंद 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड/जेएमएस/शेड' अशी, तर क्लायंटची हाक नुसती 'जेएमएस/शेड' अशी. शिवाय ॲड-यूझरने एक ॲप्लिकेशन वापरकर्ता तयार करून त्याला ब्रोकरच्या सुरक्षा नियमांत असलेली भूमिका द्यावी लागते. मूळ संरचनेत ती 'गेस्ट' आहे.

आता जो प्रसंग मी विसरणार नाही तो. एप्रिलमध्ये शेडवरून फोन आला, "साहेब, चलन काय येना नाय." मी लॉग पाहिला तर लुकअप यशस्वी होता, फॅक्टरी क्लायंटच्या हातात पोहोचली होती आणि तरीही जोडणी उघडत नव्हती. कारण असे की बाहेरचा क्लायंट दोन वेगवेगळ्या जोडण्या करतो: पहिली नेमिंग सेवेशी, फॅक्टरी आणण्यासाठी, आणि दुसरी त्या फॅक्टरीत लिहिलेल्या पत्त्यावर, ब्रोकरशी. दुसरा पत्ता क्लायंट ठरवत नाही, तो फॅक्टरीसोबत येतो. आम्ही सर्व्हर सर्व जाळ्यांवर ऐकावा म्हणून ०.०.०.० या पत्त्यावर सुरू केला होता. तो पत्ता कुणाला देता येत नाही, म्हणून सर्व्हरने त्याऐवजी स्वतःचे यंत्रनाव फॅक्टरीत घातले, आणि ते यंत्रनाव रत्नागिरीच्या कार्यालयाबाहेर कुणालाच ओळखू येत नव्हते. एखाद्याने देवगडच्या माणसाला 'आमच्या समोरच्याच घरात ये' असे सांगावे, तसा तो पत्ता होता. सर्व्हर सुरू होताना याची स्पष्ट सूचना लॉगमध्ये येते, आणि ती मी कित्येक दिवस न वाचता पुढे सरकवत होतो.

उपाय दोन: सर्व्हरला ठरावीक पत्त्यावर बांधा, किंवा बाहेरच्यांसाठी वेगळा कनेक्टर करून त्यात शेडला पोहोचता येईल असा पत्ता द्या. रिमोट फॅक्टरीला चुकूनही इन-व्हीएम कनेक्टर जोडू नका. उलट, सर्व्हर सुरू करताना कुठलाच पत्ता सांगितला नाही तर तो १२७.०.०.१ वरच ऐकतो, आणि मग बाहेरच्याला नेमिंग सेवासुद्धा सापडत नाही.

खाडीकाठच्या शेडमधले इंटरनेट वाऱ्या-पावसात तुटतेच, म्हणून रिकनेक्ट-अटेम्प्ट्स हा गुणधर्मही स्वतः लिहा; -१ म्हणजे पुन्हा जोडण्याचा प्रयत्न सोडायचाच नाही.

७. कोडमधून फॅक्टरी घेणे

सर्व्हरच्या आत रिसोर्स ॲनोटेशनने फॅक्टरी घेणे सर्वांत स्वच्छ. त्यात 'लुकअप' आणि 'नेम' हे दोन गुणधर्म आहेत आणि ते एकच नाहीत: 'लुकअप' म्हणजे नोंदलेले पूर्ण नाव, 'नेम' म्हणजे 'जावा:कॉम्प/एन्व्ह' खाली तुमच्या घटकाने ठेवलेले टोपणनाव. पूर्ण नाव 'नेम'मध्ये लिहिले की भलतीकडेच शोध सुरू होतो.

जोडणी घेतल्यावर ती ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच वापरा. पूलमधल्या जोडणीवर क्लोज म्हटले की ती तुटत नाही, पूलमध्ये परत जाते. क्लोज विसरलात तर चौथ्या टप्प्यातला नववा माणूस तुमच्याच प्रोग्रॅममुळे ताटकळतो.

स्वतः सुरू केलेल्या थ्रेडमध्ये 'जावा:कॉम्प' मिळेलच याची हमी नसते. मुख्य थ्रेडमध्ये चालणारा लुकअप पॅरलल स्ट्रीममध्ये घातल्यावर फसला, तर नाव तपासत बसू नका. फॅक्टरी आधीच मिळवून थ्रेडला द्या, किंवा जावा ईई ७ पासून मिळणारा मॅनेज्डएक्झिक्युटरसर्व्हिस वापरा.

नव्या आवृत्तीवर जाताना लागणारी एक गोष्ट सविस्तर सांगतो. २०२० सालच्या जकार्ता ईई ९ मध्ये 'जावाएक्स'ने सुरू होणारी पॅकेजे 'जकार्ता' झाली, टॉमकॅट १० त्याच बाजूचा आहे, आणि मग लोक सगळ्या फाइलींत शोधा-आणि-बदला चालवतात. तसे करू नका. 'जावाएक्स.जेएमएस'चे 'जकार्ता.जेएमएस' होते, 'जावाएक्स.ॲनोटेशन'मधला रिसोर्सही हलतो, पण 'जावाएक्स.नेमिंग' आणि 'जावाएक्स.एसक्यूएल' मूळ जावातले असल्यामुळे जागेवरच राहतात, आणि टॉमकॅटच्या रिसोर्समधला प्रकारही तोच राहतो. उलट चूकही तितकीच घातक: रिसोर्स ॲनोटेशन जुन्याच पॅकेजमधले राहिले तर नवा सर्व्हर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, फॅक्टरीच्या जागी 'नल' राहते आणि पहिल्याच वापरात नलपॉइंटरएक्सेप्शन येते.

८. संदेश वाचून दोष कुठे आहे ते ओळखणे

नेमनॉटफाउंडएक्सेप्शन आले तर सेवा सापडली, नाव सापडले नाही: उपसर्ग, अक्षरे आणि वाडी तपासा. नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन म्हणजे सेवाच कुठली ते सांगितलेले नाही. सर्व्हरसाठी लिहिलेला कोड यंत्रावर मेन मेथडने चालवला की हमखास हेच येते. कम्युनिकेशनएक्सेप्शन म्हणजे पत्ता, पोर्ट किंवा फायरवॉल. नेमऑलरेडीबाउंडएक्सेप्शन म्हणजे त्या नावावर आधीच कुणीतरी बसले आहे. तिथे घाईने रीबाइंड करून त्याला हुसकू नका, आधी कोण बसले आहे ते पाहा.

क्लासकास्टएक्सेप्शन थोडे फसवे असते. वस्तू सापडली, पण ती वेगळ्या जातीची निघाली; कधी खरेच चुकीचे नाव असते, तर कधी क्लासचे नाव अक्षरशः तेच असूनही एक प्रत सर्व्हरच्या लिबमधून आणि दुसरी तुमच्या वॉरमधून आलेली असते. अशा वेळी वॉरमधली जेएमएसची किंवा ड्रायव्हरची जार काढून पाहा.

आणि नाव बरोबर असूनही जुनाच पत्ता वापरला जात असेल, तर टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरमध्ये, कॅटलिना व लोकलहोस्ट यांच्या आत, तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाची एखादी जुनी फाइल पडली आहे का ते पाहा. ती असली तर वॉरमधली कॉन्टेक्स्ट फाइल वाचलीच जात नाही.

९. सुरक्षेच्या बाबतीत

लुकअपला दिले जाणारे नाव कधीही वापरकर्त्याने टाइप केलेल्या मजकुरातून येऊ देऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेला लॉगफोरजेमधला दोष, सीव्हीई-२०२१-४४२२८, हा नेमका याच वाटेने आला होता: लॉगमध्ये लिहिल्या जाणाऱ्या मजकुरातले नाव जेएनडीआयकडे जात होते आणि परक्या एलडॅप सर्व्हरवरून कोड आणून चालवता येत होता. जुन्या जावावर चालणारे सर्व्हर अजूनही अनेक ठिकाणी आहेत; जावा आणि लॉगफोरजे दोन्ही अद्ययावत करा.

टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा ती फाइल फक्त सर्व्हर चालवणाऱ्या वापरकर्त्याला वाचता येईल असे अधिकार द्या आणि ती गिटमध्ये जाऊ देऊ नका. वाइल्डफ्लायमध्ये यासाठी क्रेडेन्शियल स्टोअरची सोय आहे.

१०. बदल कधी करावा

नवी फॅक्टरी नोंदवणे, नाव बदलणे किंवा सर्व्हरची आवृत्ती वाढवणे ही कामे आम्ही मार्च ते मे या काळात करत नाही. जूनमध्ये आंबा संपतो. मासळीच्या व्यवहारावर काम करणाऱ्यांनाही १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात उसंत मिळते. त्या दिवसांत चाचणी अशी करा: सर्व्हर पूर्ण बंद करून सुरू करा, जेएनडीआय-व्ह्यूमध्ये सगळी नावे आली का पाहा, शेडच्या संगणकावरून एक पेटीचा संदेश पाठवा, मग राउटरची तार काढून दहा मिनिटांनी परत लावा आणि दुसरा संदेश पाठवा. रात्रभर सर्व्हर तसाच ठेवून सकाळी नऊला तिसरा पाठवा, आणि तिन्ही पेट्या डेटाबेसमध्ये एकेकदाच आल्या आहेत का ते मोजा.